'अपोज'पुढे 'टू' नको, मग 'अपोज्ड टू' कसं चालतं?

ज्यांनी आजचा भाग बसमध्ये अर्धा ऐकून सोडला, त्यांच्यासाठी हा लिखित अवतार. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कापलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आज एकच क्रियापद. अपोज. विरोध करणे.

आधी माझा किस्सा. पहिली नोकरी, रुजू होऊन जेमतेम दोन महिने झालेले. टीममधल्या एका सीनियरने कोडमध्ये एक बदल केला होता. मला वाटलं, याने लॉगिन स्लो होईल. मी रिव्ह्यूमध्ये लिहिलं, "आय अपोज टू धिस चेंज." डोक्यात मराठी वाक्य होतं, "मला हे फारसं पटत नाहीये." पाच मिनिटांत उत्तर आलं, "ओके. आर यू ब्लॉकिंग द रिलीज?" आणि तोपर्यंत रिलीज थांबवलाही होता. माझ्या एका वाक्यावर चार जण संध्याकाळपर्यंत अडकले. मला घाम फुटला, हे वेगळं सांगायला नको.

त्या वाक्यात दोन चुका होत्या. एक व्याकरणाची, एक वजनाची.

व्याकरणाची चूक म्हणजे तो 'टू'. तो येतो कुठून? आपल्या 'ला'मधून. "गांधीजींनी १९१९ साली रौलट कायद्याला विरोध केला." इथे 'ला' हवाच. म्हणून इंग्रजीतही हात आपोआप 'टू' टाइप करतो. पण इंग्रजी वाक्य होतं, "गांधी अपोज्ड द रौलट ॲक्ट." मध्ये काहीच नाही. काही जण 'च्या विरोधात' डोक्यात ठेवून 'अपोज अगेन्स्ट' म्हणतात. तेही नको, कारण 'विरुद्ध' हा अर्थ त्या शब्दाच्या पोटातच आहे. मूळ लॅटिन 'ओपोनेरे', म्हणजे समोर, विरुद्ध ठेवणे. आत्ता तुम्ही ज्याने स्क्रोल करताय त्या अंगठ्याला इंग्रजीत 'अपोजेबल थंब' म्हणतात. का? तो बाकीच्या बोटांच्या समोर येऊन टेकू शकतो म्हणून. भांडण वगैरे काही नाही, नुसतं समोरासमोर येणं.

आता तुम्ही म्हणाल, "दादा, पण 'आय ॲम अपोज्ड टू धिस' हे तर सगळीकडे ऐकतो." बरोबर ऐकता. तेही शुद्धच आहे, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. मला सापडलेली युक्ती मराठीतलीच आहे. "बाबांनी लग्नाला विरोध केला" ही कृती झाली, तिथे 'अपोज्ड द मॅरेज'. "बाबांचा लग्नाला विरोध आहे" ही मनाची स्थिती झाली, तिथे 'इज अपोज्ड टू द मॅरेज'. 'केला' असेल तर 'टू' नाही. 'आहे' असेल आणि इंग्रजीत 'इज, ॲम, आर' लावून 'अपोज्ड' म्हणणार असाल, तर 'टू' हवा. ("आय अपोज द प्लॅन" असंही भूमिका सांगायला म्हणतात, पण तिथेही 'टू' येत नाहीच.)

लग्नाचाच विषय निघालाय तर, 'मॅरी' हे क्रियापद अगदी असंच वागतं. "ही मॅरीड हर", पण "ही इज मॅरीड टू हर". एक लक्षात राहिलं की दुसरं फुकट.

या 'टू'चा अजून एक सापळा आहे. त्याच्यापुढे क्रियापद आलं तर 'इंग' लागतं. "आय ॲम अपोज्ड टू वर्किंग ऑन सॅटर्डेज." 'टू वर्क' नाही. साध्या 'अपोज'नंतरही 'इंग'च, "दे अपोज रेझिंग द फीज."

उच्चार पटकन सांगतो. सुरुवातीला 'ऑ' नाही, 'अ', आणि जोर 'पो'वर. शेवटचा ज 'आवाज'मधला. 'ऑपोझिट'मध्ये मात्र 'ऑ' येतो, कारण तिथे जोर सुरुवातीलाच आहे.

आता वजनाची चूक, जी मला महागात पडली. मराठीत "माझा विरोध आहे" हे आपण पिझ्झ्यावरच्या अननसाबद्दलही म्हणतो. इंग्रजीत, निदान ऑफिसात, 'अपोज' म्हणजे ठाम भूमिका: हे होऊ नये, आणि मी ते होऊ न देण्याच्या बाजूने उभा आहे. कोर्टाच्या बातम्या बघा. सरकारी वकील 'अपोज्ड द बेल', म्हणजे जामीन मिळू नये म्हणून रीतसर उभे राहिले. निवडणुकीत समोर कोणीच नसेल तर उमेदवार 'अनअपोज्ड', आपल्या भाषेत बिनविरोध. १९७७ साली नीलम संजीव रेड्डी राष्ट्रपतिपदी असेच निवडून आले. नुसतं मत वेगळं असेल तर 'डिसॅग्री विथ' पुरतं.

गंमत म्हणजे नकार जोडला की हाच शब्द एकदम मऊ होतो. "आय ॲम नॉट अपोज्ड टू इट" म्हणजे "माझी ना नाही." उत्साह नाही, पण अडवणारही नाही. मीटिंगमध्ये हे ऐकलंत तर होकार समजा, टाळ्या समजू नका.

आणि 'ॲज अपोज्ड टू' आलं तर विरोध विसराच. "आय वॉन्ट टी, ॲज अपोज्ड टू कॉफी" म्हणजे चहा हवा, कॉफी नको. कॉफीशी वैर नाही.

त्या दिवशी मी काय लिहायला हवं होतं? "आय हॅव अ कन्सर्न अबाउट धिस चेंज. इट मे स्लो डाउन द लॉगिन." एवढंच. रिलीज चालू राहिला असता आणि माझा मुद्दाही कोणीतरी वाचला असता. कारण 'ब्लॉकिंग'च्या गडबडीत लॉगिन स्लो होतंय की नाही, हे त्या दिवशी कुणी तपासलंच नाही.