थर्मोस्टॅट काढून टाकू नका

जुनी डिझेल मोटार घाटात तापू लागली, की मिस्त्री सोपा इलाज सांगतो, ‘थर्मोस्टॅट काढून टाका!’ माझ्याही गाडीचा असाच निघाला. तापणे थांबले खरे. पण थंडीत सकाळी पांढरा धूर निघू लागला आणि डिझेलही जास्त लागू लागले. डिझेल पेटते ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. इंजिनच गार राहिले तर ते पुरते जळत नाही, ऑइलमध्ये उतरते आणि सिलिंडर झिजतात.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाने चालणारी झडप. पुष्कळ गाड्यांत सुमारे ८२ अंशांना हे मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाते. झडपेविषयी शंका असेल तर ती दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगा व पाणी तापवा. उकळी आली तरी उघडली नाही, किंवा गार असतानाच उघडी दिसली, तर त्याच अंशांची नवी आणा.

इंजिन पुरते गार झाल्याशिवाय रेडिएटरचे झाकण काढू नका. वाफेने हात भाजतो. थोडे पाणी काढून घ्या. जुने पॅकिंग खरवडून नवे घाला, मेणाची डबी इंजिनाकडे ठेवा. पाणी भरून इंजिन चालवा. वरचा पाइप बराच वेळ गार राहून मग एकदम तापला, की झडप उघडली समजा.