नाचाची शाळा पोरांच्या दारी



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, आडसाली लागण, खोडवा आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या अंकात मात्र एका नाचाच्या शाळेविषयी लिहीत आहोत, आणि तीही अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरातली. ऊस विकास विभागाला हे काय सुचलं, असं कोणी म्हणेल. पण आपला गळीत हंगाम आणि गावोगावच्या शाळांची स्नेहसंमेलनं एकाच वेळी येतात. त्या संमेलनांत आम्हांला दर साली जे दिसतं, त्यावर या शाळेनं एक साधा इलाज शोधलेला आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

बहिणीबरोबर गेलेला मुलगा

झाक डॅम्ब्वाझ यांचा जन्म १९३४ सालचा. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्स या वस्तीत ते वाढले. घरची परिस्थिती बेताचीच. रस्त्यावर मवाली पोरांच्या टोळ्या असत. आईनं मुलीला बॅलेच्या वर्गात घातलं. बॅले म्हणजे युरोपातला शास्त्रीय नाच, आपल्याकडं भरतनाट्यम् किंवा कथ्थक असतं तसा. मुलगा उनाडक्या करील म्हणून सात वर्षांच्या झाकलाही बहिणीबरोबर धाडलं. तो तिथं चुळबूळ करी. शिकवणाऱ्या बाईंनी त्याला बाहेर न काढता उड्या मारून दाखवायला लावलं. पोरगं रमलं.

पुढे १९४९ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो न्यूयॉर्क सिटी बॅले या नामांकित मंडळीत दाखल झाला आणि प्रमुख नर्तक झाला. १९८४ पर्यंत तो तिथं नाचला. हॉलिवूडच्या चित्रपटांतही चमकला.

पण ही सगळी योगायोगाची गोष्ट. बहीण वर्गात नसती, किंवा बाईंनी त्याला हाकलून दिलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. वस्तीतल्या बाकीच्या पोरांच्या वाट्याला असा योग आला नाही. अंगात गुण नव्हते म्हणून नव्हे, तर कोणी दार उघडलं नाही म्हणून. योगायोगावर सोडलेली ही गोष्ट सर्वांच्या हाती यावी, यासाठी त्यांनी १९७६ साली नॅशनल डान्स इन्स्टिट्यूट ही विनानफा संस्था काढली.

वर्गच शाळेत नेला

नाचाची शाळा म्हटली की पाटी लावायची, फी ठरवायची आणि येतील त्यांना शिकवायचं, ही सर्वसाधारण रीत. अशा ठिकाणी ज्यांची ऐपत आहे, ज्यांना आणायला-पोचवायला घरात माणूस आहे, तीच मुलं येतात. डॅम्ब्वाझ यांनी हे उलट केलं. शिक्षकच सरकारी शाळांत पाठवले. शाळेच्याच वेळात, ठरलेल्या तासाला, अख्ख्या वर्गाला नाच शिकवायचा. मुलाकडून पैसा घ्यायचा नाही. आरंभी मुलग्यांवर भर होता, कारण नाच म्हणजे बायकी काम असा समज तिकडेही होताच. पुढे मुलीही आल्या. बहिरी मुलं आली, अंध मुलं आली.

सभासदांना यातलं मर्म वेगळं सांगायला नको. पीक परिसंवाद कारखान्यावर घेतला की तेच ते ओळखीचे बागायतदार पुढच्या खुर्च्यांवर दिसतात. बांधावर गेलं की दोन एकरांचा माणूस भेटतो, आणि खरी अडचण तोच सांगतो.

शिकवण्याची रीत

फुकट आहे म्हणून कसंही चालेल, असं तिथं नाही. प्रत्येक वर्गाला मुख्य शिक्षक, त्यांचा मदतनीस आणि प्रत्यक्ष वाजवणारा वादक असतो. वाजवणारा समोर असल्यानं चाल हळू करता येते, मध्येच थांबवता येते. पावलांचा लहानसा तुकडा घ्यायचा, तो पक्का झाला की पुढचा. सर्वांनी एकदम सुरू करायचं आणि एकदम थांबायचं. ओळी बदलत ठेवायच्या, म्हणजे मागच्या ओळीतलं बुजरं पोरही पुढं येतं. ज्यांना फार गोडी लागते त्यांच्यासाठी जादा वर्ग असतात, तेही मोफतच. पण सगळ्यांनी नर्तक व्हावं हा हेतूच नाही. आपण मेहनत केली तर अवघड गोष्ट जमते, हे पोराला स्वतःच्या अंगानं कळावं, एवढंच.

वर्षअखेर सगळ्या शाळांचा मिळून मोठा कार्यक्रम होतो. अशाच एका कार्यक्रमाच्या तयारीवर १९८३ साली माहितीपट निघाला. त्यात हजारभर मुलं आहेत, आणि चक्क न्यूयॉर्कचे पोलीसही त्यांच्याबरोबर नाचतात. १९८४ च्या समारंभात त्याला ऑस्कर मिळालं. १९९४ साली न्यू मेक्सिको राज्यात याच धर्तीवर संस्था निघाली, ती खेड्यापाड्यांतल्या शाळांतही जाते. २०११ मध्ये मूळ संस्थेनं हार्लेम भागातल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत आपलं बिऱ्हाड थाटलं. डॅम्ब्वाझ २०२१ साली वारले. काम चालू आहे.

पैशाचं म्हणाल तर शाळा आपला वाटा उचलते आणि उरलेला भार देणग्यांतून भागतो. जो तो आपापला हिस्सा टाकतो आणि गोष्ट सर्वांची होते. भागधारकांना हे नवं नाही.

आता आपल्याकडं बघा

आपल्या संमेलनांत काय होतं? आठ-दहा चुणचुणीत पोरं निवडली जातात. कपडे भाड्यानं आणावे लागतात, म्हणजे ज्याचे पालक पैसे देतील तो आत. बाकी वर्ग टाळ्या वाजवायला. आणि तोडणी मजुरांची पोरं? शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानं त्यांना जवळच्या शाळेत बसण्याचा हक्क आहे, आणि काही बसतातही. पण संमेलनाच्या दिवशी ती कुंपणाबाहेर उसाच्या मोळ्यांवर बसून बघताना आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या आई-बापांनी तोडलेल्या उसावर आपला हंगाम उभा राहतो.

याला न्यूयॉर्कहून माणूस आणायची गरज नाही. आपल्याकडं लेझीम आहे. लेझीमीला भाड्याचे कपडे लागत नाहीत, आणि साठ पोरांची रांग दहांच्या रांगेपेक्षा देखणी दिसते. वादक म्हणाल तर हलगीवाला प्रत्येक गावात आहे. त्याला मानधन देऊन आठवड्यातून दोन तास शाळेत बोलवावं. अख्खा वर्ग घ्यावा, मुली-मुलगे दोन्ही, आणि ओळी बदलत ठेवाव्यात.

एक अडचण खरी आहे. टोळी एका गावाहून दुसऱ्या गावाला हलते, आणि शिकलेलं पोर संमेलनाआधीच निघून जातं. इथं आमचा विभाग उपयोगी पडू शकतो. तोडणी कार्यक्रम आमच्याकडंच असतो. कोणती टोळी कोणत्या गावात साधारण कधीपर्यंत राहील, हे आम्ही शाळांना आधी कळवू. त्यावरून संमेलनाची तारीख अलीकडं घेता येईल. शिवाय सगळ्या शाळांनी एकच चाल बसवली, तर पोर पुढच्या गावात गेलं तरी त्याच रांगेत उभं राहील.

जे सभासद शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत, त्यांनी हा विषय येत्या बैठकीत जरूर घ्यावा. ज्या शाळांना टोळ्यांच्या तारखा हव्या असतील, त्यांनी आपल्या गट ऑफिसला चिठ्ठी द्यावी. गावातल्या चांगल्या हलगीवाल्याचं नावही त्याच चिठ्ठीत लिहावं.

पुढील अंकी खोडव्यातील पाचटाचे नियोजन.

— ऊस विकास अधिकारी