मजल आखताना : चाकूर ते लेह

बालाघाटाच्या पठारावरील चाकुराहून लातूर किंवा अहमदपूर गाठताना सायकलस्वार आपली मजल किलोमीटरांत मोजतो. परंतु मनाली–लेह मार्गाचा आराखडा आखताना मुक्कामाच्या ठिकाणाची उंची हेच प्रधान परिमाण मानावे, कारण ३,००० मीटरांच्या वर निजण्याची उंची दररोज ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये आणि तीनचार दिवसांनी एक दिवस विश्रांतीस द्यावा, असा वैद्यकाचा दंडक आहे. बारालाचा ला, लाचुलुंग ला आणि ५,३०० मीटरांहून उंच तांगलांग ला या खिंडी ओलांडायच्या, तर हा दंडक मोडण्याचा मोह निग्रहाने आवरावा.

त्या शीत वाळवंटात पाण्याचे दुर्भिक्ष आणि पाण्याचा लोंढा एकाच दिवशी भेटतात : पांगच्या पुढील मोरे मैदानासाठी पाण्याची तजवीज आधीच करावी लागते, आणि सकाळी घोट्याशी असलेला ओढा बर्फ वितळताच दुपारी गुडघ्यापर्यंत चढतो, म्हणून ओढे प्रातःकाळीच ओलांडावेत.

निघण्यापूर्वी स्पोकांच्या मुळाशी वाळून बसलेली आपली काळी माती टोकदार काडीने उकरून काढावी. तिच्याखालीच गंजलेला स्पोक लपलेला असतो, आणि तो तुटतो नेमका चढावर.