मागून कडक केलेली गाडी चांगली का वळते? (आणि मी आलेख कसा चुकवला)

माझ्या धाकट्या भावाने त्याच्या जुन्या हॅचबॅकला मागे जास्तीचा अँटी-रोल बार बसवून घेतला आणि लगेच फोन केला. "ताई, गाडी रुळावर असल्यासारखी वळतेय. मागची ग्रिप वाढली!" मी पदार्थविज्ञानवाली, गाड्यांतलं मला फारसं कळत नाही. पण दुसरं वाक्य खटकलं. मागची ग्रिप वाढत नाही, उलट थोडी कमी होते. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हे उदाहरण नीट बघा. इथे परिणाम खरा असू शकतो आणि सांगितलेलं कारण तरीही चुकीचं.

छोट्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे असतात, त्यामुळे साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर. गाडी ओढायचं आणि वळवायचं कामही त्यांचंच. वेगात वळलं की आधी पुढचे टायर थकतात आणि गाडीचं नाक वळणाबाहेर जायला लागतं. हा अंडरस्टिअर. मागे बहुतेक वेळा ट्विस्ट बीम ॲक्सल असतो, १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये होता तसा. हा बीम पिळला जातो आणि स्वतःच अँटी-रोल बारचं काम करतो. वेगळा बार लावला की त्यात भर पडते.

आता गणित. वळताना आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो? वस्तुमान गुणिले आडवं त्वरण गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले दोन चाकांतलं अंतर. ९०० किलोची गाडी, ०.५ जी त्वरण, उंची ०.५ मीटर, अंतर १.४५ मीटर धरलं तर सुमारे १५५ किलो. या सूत्रात स्प्रिंग नाही, बारही नाही! बॉडी झुकल्याने पडणारा किरकोळ फरक सोडला, तर बार हा आकडा बदलूच शकत नाही. तो फक्त पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये त्याची वाटणी बदलतो. मागची बाजू कडक केली की मागे जास्त वाटा येतो, पुढचा कमी होतो.

वाटणीने फरक का पडावा? कारण टायरवरचा भार दुप्पट केला तरी त्याची आडवी पकड दुप्पट होत नाही. समजण्यापुरते आकडे घेऊ. मागच्या दोन्ही टायरांवर २०० किलो असताना प्रत्येकी १८० ची पकड मिळते, एकूण ३६०. भार ३०० आणि १०० असा झाला तर मिळतात २५० आणि ९५, एकूण ३४५. वजन तेवढंच, पकड कमी. पुढे याच्या उलट घडतं. म्हणजे बार मागच्या ग्रिपमधून थोडी काढून घेतो, पुढची थोडी सुटते, आणि नाक आत येतं.

म्हणूनच हा प्रकार बिनधोक नाही. ओल्या रस्त्यावर, वळणाच्या मधोमध घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागचं वजन हलकं होतं आणि शेपूट बाहेर येऊ शकते. कंपन्या गाडीत अंडरस्टिअर मुद्दाम ठेवतात, कारण नाक बाहेर गेलं की सामान्य माणूस जे करतो (वेग कमी, स्टिअरिंग अजून थोडं आत) ते बहुतेक वेळा चालून जातं. आणि "बार थोडासाच जाड घेतला" म्हणणाऱ्याला व्यास विचारा. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० चा २२ मिलिमीटर केला की ४६ टक्के वाढ.

मग आम्ही मोजायचं ठरवलं. रिकामं मैदान, ३० मीटर त्रिज्येचं वर्तुळ, वेग हळूहळू ४० पर्यंत, स्टिअरिंगवर अंशांच्या खुणांची पट्टी आणि डॅशबोर्डवर चिकटवलेला फोन. पहिल्या आलेखात दिसलं की बार लावल्यावर त्याच वेगाला आडवं त्वरण कमी झालंय. मी भावाला जवळजवळ सांगून टाकलं होतं की पैसे वाया गेले.

चूक माझी होती. गाडी बाहेर झुकली की फोनही झुकतो, आणि गुरुत्वाकर्षणाचा एक तुकडा त्याच्या वाचनात मिसळतो, एका अंशाला ०.०१७ जी. बारमुळे झुकाव कमी झाला, म्हणून वाचनही घटलं. जी गोष्ट मी बदलत होते, तीच माझं मोजमाप बिघडवत होती. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या घेतल्यावर ४० किमीला ०.४२ जी आलं, दोन्ही वेळा. वेगळं होतं ते स्टिअरिंग. वेग वाढवताना ते जास्तीचं जेवढं फिरवावं लागत होतं, तेवढं बारसकट लागत नव्हतं.

तरी एक शंका उरलीच. बार लावला त्याच दिवशी गॅरेजवाल्याने टायरची हवाही बदलली होती. शिवाय गाडी कमी झुकली की ग्रिप वाढल्यासारखं नुसतं वाटतं. म्हणून दोन रविवार घालवून, हवा कायम ठेवून, आम्ही सहा फेऱ्या केल्या. बार आहे की नाही हे भावाला न सांगता. त्याने चार वेळा बरोबर ओळखलं आणि विजयी चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं. नाणं उडवून सहापैकी किमान चार बरोबर यायची शक्यता ३४ टक्के आहे, हे मी त्याला घरी जाताना सांगितलं. पूर्ण रस्ताभर बोलला नाही.