जिंझूकाठची भातखाचरं

जपानच्या तोयामा प्रांतातल्या जिंझू नदीत वरच्या अंगाला असलेल्या कामिओका खाणीचं सांडपाणी मिसळत असे. त्यातलं कॅडमियम पाटांवाटे खाचरांत साचलं, तिथून भातात आणि भात खाणाऱ्यांच्या मूत्रपिंडांत, हाडांत उतरलं. बळी गेले ते मुख्यतः चाळिशी ओलांडलेल्या, अनेक बाळंतपणं झालेल्या बायकांचे. नुसत्या खोकल्यानेही त्यांची हाडं मोडत. गावचे डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी 1950च्या दशकात हा आजार जगापुढे आणला. सरकारने कॅडमियमचा दोष मान्य करायला 1968 उजाडलं. 1971मध्ये पीडितांनी खाण कंपनीविरुद्धचा खटला जिंकला. मातीतल्या कॅडमियमबद्दलचं आजचं बरंचसं ज्ञान या बायकांच्या यातनांचं ऋणी आहे, असं मी मानतो.

1970मध्ये तांदळातल्या कॅडमियमला किलोमागे 1 मिलिग्रॅमची मर्यादा घातली गेली. दूषित माती गाडून वर चांगली माती घालण्याचं काम जिंझू खोऱ्यात 2012पर्यंत, तीस वर्षांहून अधिक काळ चाललं.

प्रत्येक शेताची माती बदलणं शक्य नव्हतं. बाकीच्या शेतांत पाण्याचा आधार घेतला गेला. खाचरात पाणी उभं राहिलं की मातीतला प्राणवायू संपतो, सल्फाइड तयार होतं आणि कॅडमियम त्याच्याशी बांधलं जाऊन मुळांच्या हाती लागत नाही. पाणी काढून जमीन वाळू दिली, की ते पुन्हा मोकळं होतं. म्हणून शेतकऱ्यांना सांगितलं गेलं: भात निसवण्याआधी तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे पाणी तुटू देऊ नका. खाणीने केलेल्या घाणीची राखण अशी शेतकऱ्याच्या माथी आली. शिवाय पाणी उशिरा काढलं तर कापणीचं यंत्र चिखलात रुततं.

त्याच उभ्या पाण्यात लोहाची संयुगं विरघळतात आणि त्यांनी धरून ठेवलेलं आर्सेनिक सुटतं. एक विष दाबावं तर दुसरं वर येतं, हे जपानी संशोधकांनी 2009मध्ये आकड्यांनिशी दाखवलं. त्याच सुमारास नियमही कडक होत गेले: 2006मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानक संस्थेने तांदळातल्या कॅडमियमची मर्यादा 0.4 मिलिग्रॅम ठरवली, 2014मध्ये पांढऱ्या तांदळातल्या असेंद्रिय आर्सेनिकची 0.2.

कोंडी सुटण्याची खरी आशा 2012मध्ये दिसली. आयन किरणांच्या माऱ्याने कोशिहिकारी भातातलं एक जनुक निकामी झालं आणि मुळांनी कॅडमियम घेणं जवळजवळ थांबवलं. मग आर्सेनिक रोखण्यासाठी खाचर निर्धास्त वाळवता येतं. पण मँगनीजही त्याच वाटेने आत येतं, त्यामुळे तेही अडतं. ते जमिनीत कमी असेल, तर या भाताच्या पानांवर तपकिरी ठिपक्यांचा रोग बळावतो.