लिव्हर ठीक आहे, मॅडम!

कोल्हापुरात माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. आसपास जिम आहेत, तालमी आहेत, त्यामुळे तिशीच्या आतली, दंड फुगलेली पोरं लिव्हरची तपासणी करायला माझ्याकडे येतात. 'सायकल' चालू आहे, म्हणजे स्टिरॉइडचा कोर्स चालू आहे, हे न विचारता कळतं. रिपोर्टमध्ये फक्त एसजीपीटी हा लिव्हरचा एन्झाइम बघायचा आणि तो आटोक्यात असला की 'लिव्हर ठीक आहे, मॅडम' म्हणून निघायचं, ही रीत.

गंमत म्हणजे एसजीपीटी वाढला तरी दोष लिव्हरचाच असतो असं नाही. तो स्नायूंतही असतो. आदल्या दिवशी जोरात डेडलिफ्ट मारली की आकडा चढतो. मग आठवडाभर व्यायाम बंद ठेवून परत बोलावते आणि सोबत जीजीटी हा लिव्हरचा दुसरा एन्झाइमही तपासते. तो स्नायूंतून येत नाही. मेथॅन्डिनोन, स्टॅनोझोलॉल या गोळ्या लिव्हरला खरंच त्रास देतात. (२०१६ मध्ये पैलवान नरसिंग यादववर चार वर्षांची बंदी आली ती मेथॅन्डिनोनवरूनच, आपल्याविरुद्ध हा घातपात आहे, हे त्याचं म्हणणं क्रीडा लवादाने मानलं नाही.) टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनाने मात्र लिव्हरला सहसा काही होत नाही. इथवर वाद पोरंच जिंकतात.

मग मी त्याच रिपोर्टवर खाली बोट ठेवते. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, १९; पुरुषांत ते ४०च्या वर हवं. हिमॅटोक्रिट ५६, म्हणजे रक्त दाट झालंय. एलएच जवळजवळ शून्य. बाहेरून एवढं टेस्टोस्टेरॉन येतंय म्हटल्यावर मेंदूतली ग्रंथी एलएचमार्फत वृषणांना हुकूम पाठवायचंच थांबवते आणि तिथलं काम बंद पडतं. जागतिक आरोग्य संघटनेने हेच टेस्टोस्टेरॉन आठवड्याला २०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं होतं, चक्क पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून! १९९० साली निकाल आला: २७१ जणांपैकी १५७ जणांच्या वीर्यात सहा महिन्यांत एकही शुक्राणू उरला नव्हता. जिममध्ये ५०० घेणं सर्रास चालतं. पुढे मूल होत नाही म्हणून आधी बायकोच्या सगळ्या तपासण्या होतात आणि मग नाइलाजाने स्वतःची. औषध बंद केल्यावर बहुतेकांचं काम पूर्ववत होतं, पण त्यात महिने जातात, कुणाला वर्षाच्या वरही लागतं.

पोरं डॉक्टरांचं ऐकत नाहीत, याला डॉक्टरही कारण आहेत. स्टिरॉइडने खेळाडूची कामगिरी सुधारते याला ठोस पुरावा नाही, असं अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने १९७७ साली जाहीर केलं. आरशात रोज फरक बघणाऱ्याला हे कोण पटवणार? १९९६ मध्ये शलेंदर भसीन यांनी आठवड्याला ६०० मिलिग्रॅम देऊन दाखवलं, की दहा आठवड्यांत व्यायामाविनाही स्नायू वाढतात. तोवर जिममधल्या गुरूंचा शब्द प्रमाण झाला होता.

तेच गुरू आता २०२३चा 'ट्रॅव्हर्स' अभ्यास पुढे करतात: पाच हजारांवर पुरुष, आणि टेस्टोस्टेरॉनमुळे हार्ट अटॅक वाढले नाहीत. अभ्यास चांगला आहे. पण ते पुरुष ४५ ते ८० वयाचे होते, त्यांचं टेस्टोस्टेरॉन मुळात कमी होतं आणि जेल लावून ते नॉर्मलपर्यंतच आणलं होतं. जिमच्या डोसवर असा अभ्यास करायची परवानगी कुठलीच एथिक्स कमिटी देणार नाही. त्यामुळे आधीच घेणाऱ्यांना गाठून तपासावं लागतं. डेन्मार्कमध्ये जिमच्या डोपिंग तपासणीत सापडलेल्यांचा मृत्युदर इतरांच्या जवळपास तिप्पट निघाला. अशी माणसं इतर नशाही करत असतील, जीव धोक्यात घालत असतील, हा आक्षेप मला रास्त वाटतो. म्हणून मी त्यापेक्षा अमेरिकेतला २०१७चा अभ्यास सांगते. वेटलिफ्टिंग करणाऱ्या १४० पुरुषांची त्यात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. न घेणाऱ्यांचं हृदय एका ठोक्यात सरासरी ६३ टक्के रक्त बाहेर ढकलत होतं, सध्या घेणाऱ्यांचं ४९ आणि सोडलेल्यांचं ५८. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले चरबीचे थर मात्र जितकी वर्षं औषध घेतलं तितके जाड होते.

एकदा इको करून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते. महाग पडते म्हणतात. महिन्याच्या इंजेक्शनांचा खर्च विचारला की हसतात.