कुंड्यांना कोण पाहील?

दिवाळीची सुटी लागली, की आपण बिऱ्हाडाला कुलूप लावून गावी निघतो. दूध बंद होते, किल्ली शेजारी जाते. मागे राहतात त्या गॅलरीतल्या कुंड्या. आणि हे दिवस तर मोठे फसवे! दुपारी ऑक्टोबरचे ऊन पोळते, अन् एखाद्या संध्याकाळी परतीचा पाऊस कोसळतो.

तेव्हा तयारी दोन्हींची हवी. आदल्या संध्याकाळी कुंड्यांना पोटभर पाणी द्यावे. सकाळचे कोवळे ऊन तेवढे लागेल अशा आडोशाला त्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात. मातीवर नारळाच्या शेंड्या पसरल्या, की ओल चटकन उडत नाही. मोठ्या कुंडीत लहानसे बिनरंगाचे मडके गळ्यापर्यंत पुरून, पाण्याने भरून झाकावे. माती सुकेल तसतसे ते झिरपत राहते.

पावसासाठी कुंडीच्या तळाचे भोक मोकळे करावे आणि खालची बशी काढावी. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. शिवाय डासांची सोय होते ती वेगळीच.

शेजारच्या काकूंना मात्र “रोज पाणी घाला” असे सांगू नये. “बोटभर खोल माती कोरडी लागली, तरच घाला,” असे सांगावे. कारण पाण्याने गुदमरलेले रोपही तहानलेल्यासारखीच मान टाकते, आणि भोळी माया त्यावर आणखी एक तांब्या ओतते!

एवढे केलेत, तर तुम्ही परताल तेव्हा तुळशीच्या लग्नाची नवरी हिरवीगार उभी असेल.